डोंगऱ्यापाशी पिवळा झेंडा

शंकरपटात बैलजोडी धुरळा उडवत समोर आली, की खांद्यावरचा रुमाल आपोआप हवेत जातो. आमच्या तापीकाठी हे कुणाला शिकवावं लागत नाही. कडेवरचं पोरसुद्धा डोक्यावरचं टोपडं ओढून हलवायला लागतं. रुमाल वर म्हणजे 'पळ राजा, सोडू नको!' एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण यंदा पुरुषोत्तमनगरच्या रस्त्याला, भाईदास पाटलांच्या ऊस मोडलेल्या रानात बैल पळणार नव्हते, मोटारसायकली पळणार होत्या. आणि मोटारसायकलींच्या या खेळात हवेत हलणारं पिवळं फडकं म्हणजे 'हळू हो बाबा, पुढं माणूस पडलंय.'

आता बोला! खतांच्या दुकानाचे मालक हिंमतराव हे स्पर्धा समितीचे अध्यक्ष. त्यांनी सकाळी सकाळी टेम्पोभर रुमाल आणून फुकट वाटले. कंपनीची जाहिरात छापलेले, नवे कोरे, झेंडूसारखे पिवळेधमक.

भाईदास पाटलांची थोरली लेक चेतना हे बघून जागच्या जागी थिजली. ती शहाद्याच्या शाळेत खेळाची बाई. आज तिच्या अंगात ट्रॅकवर झेंडे दाखवणाऱ्या मार्शलचं जाकीट होतं, गळ्यात शिट्टी आणि हातात दोन झेंडे, हिरवा अन् पिवळा. पुण्याहून आलेल्या स्पर्धाप्रमुखांनी तिच्यासारख्या दहा-पंधरा जणांना काल दिवसभर शिकवलं होतं. ट्रॅकवरच्या सगळ्यात मोठ्या उडीची जागा तिनं स्वतः मागून घेतली होती. मुरमाचा तो उंच ढिगारा, गावानं त्याचं नाव डोंगऱ्या ठेवलेलं. अलीकडून चढणाऱ्याला पलीकडचं काहीच दिसत नाही. पलीकडे कुणी पडलं असेल तर मागून येणारा उडतो आणि गाडीसकट थेट त्याच्या पाठीवर उतरतो.

हे चेतनाला कुणी सांगायला नको होतं. तिचा धाकटा भाऊ हेमकांत पुण्याच्या एका टीमकडून पगारावर शर्यती मारायचा. तिकडे परमुलखात एका उडीमागं तो असाच पडला होता, आणि तिथला झेंडेवाला मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. मागून आलेली गाडी हेमकांतच्या पाठीवर उतरली. मणक्यात धातूच्या पट्ट्या बसल्या. त्यांची माय कौसाबाई दोन वर्षांच्या लेकराला भरवावं तशी त्याला चमच्यानं पेज भरवायची. नवापूरकडचा दानियल गावित, शर्यतीत हेमकांतचा पक्का वैरी अन् बाहेर जिवाचा दोस्त, आठवडेच्या आठवडे त्याच्या उशाशी बसून राहिला होता. रात्री हेमकांत कण्हला की चेतना उठून त्याच्याजवळ जाऊन बसायची. तो बरा झाला, पण तिची झोप परतली नाही. आज गावातच शर्यत, गावातलीच माती, आणि हेमकांत पुन्हा गाडीवर. दुसऱ्या कुणाच्या हातात झेंडा द्यायला तिचा जीव धजत नव्हता.

ती तडक हिंमतरावांकडे गेली. "काका, हे रुमाल परत घ्या. माझा झेंडा पिवळा, लोकांचे रुमाल पिवळे. गाडीवाल्याला कळणार कसं?"

हिंमतराव पोट हलवत हसले. "अवं पोरी, लोकंसनी हौस शे ती. कोन परत दिई? फुकटना माल शे!"

"कुणाचा जीव जाईल, काका."

"शुभ बोल वं! आपला हेमकांत पळी ऱ्हायना अन् तू काय अशी अभद्र बोलस?"

मग ती स्पर्धाप्रमुखांकडे गेली. त्यांना पटलं. त्यांनी लाउडस्पीकरवरून छान शुद्ध मराठीत विनंती केली, की प्रेक्षकांनी कृपया पिवळे रुमाल हलवू नयेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता टाळ्या वाजवल्या म्हणजे ऐकलं असं थोडंच असतं! शंभर वर्षांची सवय एका सूचनेनं सुटत असती तर काय पाहिजे होतं?

नियम असा होता, की प्रत्येक मार्शलनं हिरवा झेंडा वर करून 'तयार' म्हटलं तरच सुटायचं फाटक पडणार. एकेक करून सगळ्यांचे झेंडे वर गेले. चेतनाचा गेला नाही. डोंगऱ्याशेजारच्या लाकडी मचाणावर ती उभी होती. तिथून तिला दोन्ही बाजू दिसत, दोराच्या मागं दाटलेली माणसं दिसत, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर, डोक्यावर, मनगटावर ते पिवळं.  हात वर जाईना.

गाड्या गुरगुरत होत्या. लोक शिट्ट्या मारायला लागले. लाउडस्पीकरवर दोनदा तिचं नाव पुकारलं गेलं. शेवटी भाईदास आप्पा धोतराचा सोगा धरून रान तुडवत आले. मोठा मानी माणूस. चारचौघांत आवाज चढवायचा नाही, पण नजर अशी की समोरच्यानं खाली बघावं.

"चेतना, काय चाललंय? सगळा तालुका बघी ऱ्हायना."

"आप्पा, मला भीती वाटतेय."

"मंग घर जाय. दुसरा कोनीबी झेंडा धरी."

झालं! हीच तर तिची दुखरी नस. दुसरा कुणी म्हणजे पुन्हा तोच मोबाइलवाला. तिनं लांब फाटकाकडे पाहिलं. हेल्मेटमधून हेमकांत तिच्याकडेच बघत होता. त्यानं मान वाकडी करून 'कर ना गं' अशी विनवणी केली. लहानपणी पेरू मागायचा तशीच. तिनं हिरवा झेंडा वर केला, आणि वर करतानाच तिला वाटलं, की आपण चुकलो.

फाटक पडलं. वीस-बावीस गाड्या एकदम सुटल्या तशी जमीन थरथरली. पहिल्याच वळणावर गर्दीत हेमकांत घसरला. माणसांनी 'अरारारा' केलं. तो उठला, गाडी उचलली, पण तोवर सगळे पुढे गेले होते. चेतनाच्या मनात आलं, बरं झालं. मागं राहू दे. हरू दे. घरी येऊ दे धड. सख्ख्या भावाच्या हरण्यासाठी तिनं देवीला नवस बोलायचाच काय तो बाकी ठेवला.

पुढं दानियल होता. पहिला फेरा, दुसरा फेरा, तो डोंगऱ्यावरून पाखरासारखा जायचा आणि पलीकडे मऊ उतरायचा. तिसऱ्या फेऱ्यात तो उतरला आणि पुढचं चाक भुसभुशीत मातीत रुतलं. गाडी कोलांटली. दानियल खाली, गाडी त्याच्या मांडीवर, आणि दोघंही बरोब्बर त्या जागी, जिथं प्रत्येक गाडी उतरते.

चेतनानं पिवळा झेंडा उचलला आणि जीव खाऊन हलवायला सुरुवात केली. मागून आलेल्या पोरानं झेंडा पाहिला, गाडी सावकाश केली, ढिगाऱ्यावरून न उडवता नेली आणि दानियलला वळसा घालून गेला. त्याच्या मागच्यानंही तेच केलं. ही पोरं नाशिकची, कोल्हापूरची, त्यांच्यासाठी गावातल्या कुणी रुमाल काढला नव्हता. चेतनाच्या जिवात जीव आला. पलीकडून स्ट्रेचरवाले धावत निघाले होते. दानियल कोपरावर उठून पाय ओढत होता, पाय निघत नव्हता.

एवढ्यात लाउडस्पीकर किंचाळला, "अन् आला! आला आपला हेमकांत! एकेकाला मागं टाकत आला आपला वाघ!"

काय सांगावं! डोंगऱ्याच्या दोन्ही बाजूंचं रान एका क्षणात पिवळं झालं. बाया, बापे, म्हातारे, सगळ्यांचे हात वर. "पळ भाऊ! पळ! सोडू नको!" माणसं दोरावर ओणवी होऊन रुमाल गरगरा फिरवत होती. त्यांना पलीकडचा दानियल दिसतच नव्हता, त्यांना दिसत होता तो गावचा पोऱ्या, सगळ्यांना मागं टाकत येणारा. आणि त्या शेकडो रुमालांत चेतनाचा एक झेंडा.

"रुमाल खाली करा! अहो, खाली करा!" तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. शिट्टी फुंकली, ती इंजिनांच्या आवाजात विरून गेली. हेमकांत वळणातून बाहेर पडला. उडी मारायची असेल तर लांबूनच वेग धरावा लागतो, हे तिला ठाऊक होतं, आणि त्यानं वेग धरला होता. गाडीचा आवाज कमी होत नव्हता, वाढत होता.  डोळ्यांपुढं पट्ट्या बसवलेला तो मणका आला, कौसाबाईच्या हातातला चमचा आला, आणि आता त्या खाटेवर कोण असेल, हेमकांत की दानियल, की दोघंही खाटेऐवजी तिरडीवर, तेच तिला कळेना.

तिनं झेंडा फेकला आणि मचाणावरून खाली उडी मारली. चढावर, गाडीच्या वाटेत, मधोमध दोन्ही हात पसरून उभी राहिली. भीती गेली होती म्हणाल, तर मुळीच नाही. तिच्या तोंडातून 'आई गं, आई गं' एवढंच निघत होतं.

हेमकांतला ती दिसली. तो दोन्ही ब्रेकवर उभाच राहिला. गाडी आडवी झाली, तिच्या अंगावर खडी उडाली, आणि हातभर अंतरावरून घसरत जाऊन कडेच्या उसाच्या पाचटाच्या गठ्ठ्यांवर आदळली. हेमकांत गठ्ठ्यांवरून पलीकडे फेकला गेला. एक आवाज झाला, ओली फांदी मोडावी तसा. मग सगळे रुमाल खाली आले.

लोक दोर ओलांडून धावले. आमच्याकडे माणूस पडला की चार हात लागलेच पाहिजेत. उठवून बसवायचं, तोंडावर पाणी मारायचं, वारा घालायचा. "पानी आना!" "हेल्मेट काढा, दम कोंडी ऱ्हायना त्याना!" "बसाडा त्याले!" सगळ्यांच्या पुढे आप्पा.  त्यांनी लेकाचं हेल्मेट हनुवटीपाशी धरलंही.

"हात काढा, आप्पा!"

जन्मात बापापुढं मान वर न केलेली लेक एवढी ओरडली, की आप्पांचे हात आपोआप सुटले. चेतना हेमकांतच्या डोक्यापाशी मातीत गुडघे टेकून बसली. कोपरं जमिनीला लावली, हेल्मेट दोन्ही तळव्यांत घट्ट धरलं. काल शिकवलं होतं तसं. मान हलली तर संपलं. पट्ट्या बसवलेला मणका, त्यात आणखी हिसका म्हणजे उरलं काय?

"हेमा, मान हलवू नको. मी धरलंय. हलू नको."

मागून कुणी तरी बोललंच, "सख्खा भाऊले पाडं वं इनी! कशी बहीन शे?" आणखी दोन-चार तोंडं उघडली. आणि आप्पांनी ज्या नजरेनं लेकीकडे पाहिलं, ती नजर शिवीपेक्षा वाईट होती.

शर्यत थांबली होती. इंजिनं बंद पडली तसा ढिगाऱ्याच्या पलीकडून दानियलचा आवाज आला. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो लंगडत वर आला. पँट मांडीपर्यंत फाटलेली, तोंड मातीनं भरलेलं. "हेम्या कुठंय? लागलं का त्याला?" त्याला बघून बोलणारी तोंडं बंद झाली. एकेक जण मान वाकडी करून डोंगऱ्यापलीकडे बघून आला आणि गुपचूप मागं सरकला. आप्पा मातीतच मटकन खाली बसले.

ॲम्ब्युलन्सचे डॉक्टर आले. त्यांनी हेमकांतच्या मानेभोवती पट्टा बांधायला घेतला. "ताई, तुम्ही सोडू नका. मी सांगेपर्यंत असंच धरून ठेवा." मग पायाशी जाऊन म्हणाले, "हेमकांत, पायाची बोटं हलव."

बूट काढलेला उजवा पाय. अंगठा हलला, हळूच. डावा पाय नडगीत मोडून वाकडा पडला होता. तिथलं बोट हललं नाही. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. नाही हललं.

"मोडलाय म्हणून हलत नसेल," डॉक्टर म्हणाले. "किंवा... बघू. धुळ्याला नेऊ आधी."

चेतनानं तो 'किंवा' ऐकला. तिला विचारायचं होतं, किंवा काय? पण विचारायची हिंमत झाली नाही.

हिंमतराव जवळ येऊन उभे होते. चेहरा पार उतरलेला, हातातला रुमाल पाठीमागं धरलेला. प्रमुखांना ते सांगत होते, "त्याले झेंडा दिसना नही व्हई, साहेब. मन्हीच चूक शे. मीच वाटात ना रुमाल." बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. प्रमुख खाली वाकले. "हेमकांत, झेंडा दिसला नाही ना तुला? रुमालांमुळे?"

 हेमकांतचे डोळे वर, उलट्या दिसणाऱ्या बहिणीच्या तोंडाकडे होते. ती अगदी वाकली, तिचा कान त्याच्या तोंडाशी गेला.

"ताई," तो पुटपुटला, "झेंडा देखा व्हता मी."

तिला आधी समजलंच नाही. "काय?"

"तुन्हा झेंडा. वळनपासूनच देखा व्हता." त्यानं कोरडे ओठ चाटले. "पन आख्खं गाव मन्हं नाव ली ऱ्हायनं व्हतं. वाटलं, एवढी उडी मारी लेऊ. पलीकडे कोन ऱ्हाई ते ऱ्हाई."

पलीकडे कोण राहील ते राहील. चार पावलांवर दानियल उकिडवा बसून हेमकांतच्या पायावरची माती हलकेच झाडत होता.

चेतनाच्या डोक्यात अशी काही आग पेटली, की तिला त्याच्या थोबाडीत द्यायची होती, फाड्कन, सगळ्या तालुक्यासमोर. आठवडेच्या आठवडे उशाशी बसलेल्या माणसाबद्दल हे असं बोलतोस? तिचे दात एकमेकांवर घासले, डोळ्यांतून पाणी हेल्मेटवर टपटप पडायला लागलं. बोटं शिवशिवत होती. हात सोडला असता तर मान हलली असती.

"ताई, धरलंय ना?" पायाशी बसलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

"धरलंय," ती म्हणाली, आणि तळवे आणखी घट्ट केले.