ओढायचं नाही

पहिल्यांदा नापास झाले तेव्हा मी रडले नाही, चिडले. रागाने माझ्या नाकावर कायमचं बिऱ्हाड केलंय असं सासूबाई म्हणतात, आणि त्यांचं फार चुकत नाही.

परीक्षा ऐकायला सोपी आहे. अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या माणसाला पलंगावरून उठवायचं आणि चाकाच्या खुर्चीत बसवायचं. वेळ सात मिनिटं. परीक्षकांच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं घड्याळ असतं. ते वाजलं की हात मागे घ्यायचे, आणि तोवर रुग्ण खुर्चीत नसेल तर शून्य. फिजिओथेरपीच्या डॉक्टरेटची चार वर्षं, स्नायूंची आणि नसांची नावं घोकून घोकून पिकलेले माझे केस, सगळं या सात मिनिटांवर येऊन अडतं. आमचे परीक्षक त्याबाबत इतके कडक की मुलं त्यांना सातमिनिटे सर म्हणायची. पहिल्या वर्षाच्या मुलांना बरेच दिवस ते त्यांचं आडनावच वाटायचं.

पहिल्या वेळी माझ्या वाट्याला एक आजी आल्या होत्या. मी त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं, पाय नीट मागे घेतले, "आता उठा" म्हटलं आणि थांबले. झटका आलेल्या माणसाला सांगितलेलं पोचायला वेळ लागतो. ऐकू लगेच येतं, पण आतला नेहमीचा रस्ता खणून ठेवलेला असतो, वळसा घालून जावं लागतं. आजी तो वळसा घालत होत्या. त्यांच्या मांडीत नुकती कुठे हालचाल सुरू झाली आणि घड्याळ वाजलं.

"नुसत्या बघत काय बसलात? सिनेमा चालू होता का?" सर म्हणाले आणि त्यांनी शून्य लिहिलं.

संधी दोनच मिळतात. दुसरी सहा महिन्यांनी होती.

माझ्या मार्गदर्शक मॅडम माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण बोलतात थोरल्या जावेसारख्या. त्यांनी मला आपल्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"हे बघ, तू याच वॉर्डात सोळा वर्षं मदतनीस म्हणून माणसं उचललीस. तुझ्याइतकं झटपट इथे कुणालाही जमत नाही. रुग्णाच्या कमरेच्या पट्ट्याला धर, उचल, फिरव, बसव. चार मिनिटांत मोकळी होशील. आधी पदवी पदरात पाडून घे, मग जन्मभर थांबत बस."

"पण मॅडम, उचलायचं नाही म्हणूनच तर मी..."

"माहितीये. रखवालदाराची गोष्ट मी चारदा ऐकली आहे."

पाचव्यांदा सांगते. मदतनीस असताना एका कारखान्याच्या रखवालदाराला मी तीन महिने रोज सकाळी पलंगावरून खुर्चीत ठेवत होते. ठेवत होते हाच शब्द बरोबर आहे. पाच मिनिटांच्या आत, न धडपडता. सगळे माझं कौतुक करायचे. मग मुलीला ताप आला म्हणून मी दोन दिवस रजा घेतली. बदलीवर आलेली बाई कामचुकार. "जमेल तसं उठा, मी आलेच" म्हणाली आणि चहाला गेली. ती परतली तेव्हा रखवालदार खुर्चीत बसलेले होते. एकटे उठून, कठड्याला धरून, स्वतःचे स्वतः बसलेले. मी कामावर आले तर त्यांनी मला आनंदाने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "ताई, तुम्ही रोज उचलायचात, म्हणून मला वाटलं असंच करायचं असतं."

ते किती आठवड्यांपासून उठू शकत होते कुणास ठाऊक. मी कधी विचारलंच नाही, मला घाई होती. त्या दिवशी माझा डबा तसाच घरी परत गेला. नोकरी सांभाळून आधी पदवी केली आणि मग एकोणचाळिसाव्या वर्षी शिंगं मोडून या वासरांत शिरले, ती या एका गोष्टीसाठी. माझ्याहून पंधरा-पंधरा वर्षांनी लहान मुलं मला मावशी म्हणायची. मी त्यांच्यातल्या कुणाच्याही आईची बहीण नाही, असं मी वर्षभर सांगितलं आणि मग नाद सोडला.

मॅडमचं मात्र या खेपेला ऐकायचं ठरवलं. खोटं कशाला बोलू? पुन्हा नापास म्हणजे चार वर्षं पाण्यात आणि परत मदतनिसाचा निळा झगा. मुलीने घरात डॉक्टर म्हणून माझ्या नावाची पाटी रंगवून ठेवली होती. ती तिने कपाटामागे लपवली होती, पण मला दिसली होती.

घरी सराव सुरू केला. नवऱ्यावर करून पाहिला, पण तो बिचारा हात लावायच्या आत स्वतःच उठून उभा राहायचा. धडधाकट माणसाला रुग्ण होता येत नाही, अंग आपोआप मदत करतं. मग सासूबाईंना बसवलं. त्या उत्तम निघाल्या. घरातल्या कुठल्याही कामाला त्यांनी गेली वीस वर्षं हात लावलेला नाही, त्यामुळे अंग सैल सोडून बसणं त्यांना अगदी सहज जमलं.

"तू डॉक्टर होईस्तोवर मीच तुझी रुग्ण होणार, असं दिसतंय," त्या म्हणाल्या.

त्यांना मी दोन आठवड्यांत साडेतीन मिनिटांवर आणलं.

परीक्षेच्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात गेले तेव्हा फरशी नुकतीच पुसलेली होती. सर पलंगाच्या पायथ्याशी उभे होते, हातात गुणांचा तक्ता. बाजूला वॉर्डच्या सिस्टर. पलंगावर सहासष्ट वर्षांचे एक गृहस्थ, डावी बाजू गेलेली. घरं रंगवायचा धंदा, बांधा भारी. फायलीवर जाड अक्षरात लिहिलं होतं: उठवताना दोन माणसांची मदत.

"चाळीस वर्षं शिडीवर उभा राहिलो," रंगारीकाका अर्ध्या तोंडाने हसत म्हणाले, "आणि आता जमिनीवर उभं राहायची परीक्षा. तीही तुमची!"

"काका, मी आज पटकन उचलणार आहे. घाबरू नका."

"का? आग लागलीये का कुठे?"

सरांनी घड्याळ सुरू केलं.

मी आधी पलंगाजवळची ओली फरशी पुसली. खुर्ची त्यांच्या चांगल्या, म्हणजे उजव्या बाजूला लावली, चाकांचे ब्रेक दाबले, पाय ठेवायचे पायटे वर केले. काकांना कुशीवरून उठवून कडेला बसवलं, बूट घातले, कमरेला पट्टा बांधला. तीन मिनिटं झाली होती. त्यांच्या डाव्या गुडघ्याला माझा गुडघा लावला, म्हणजे तो ऐनवेळी वाकू नये.

"पुढे वाका. आणखी. नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे यायला हवं. मी तीन म्हटलं की उठायचं. एक... दोन..."

माझे हात पट्ट्यावर आवळलेले होते. तीन म्हणायचं आणि ओढायचं, बस. तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. काकांच्या उजव्या बुटाची टाच फरशीवर दाबली जात होती. मांडी पायजम्याखाली घट्ट झाली होती. ते माझी वाट बघत नव्हते. ते उठत होते.

मी तीन म्हटलंच नाही. हात सैल सोडले.

मला स्वतःचा असा राग आला की सांगता येत नाही. याच माणसाला मी आत्ता, त्याची टाच टेकलेली असताना, पोत्यासारखं उचलून ठेवणार होते, आणि त्याबद्दल मला डॉक्टर म्हणणार होते. गेली ती पदवी खड्ड्यात. होऊन होऊन काय होईल, निळा झगा घालीन. पण घालीन तो ताठ मानेने.

"काका," मी म्हणाले, "मी ओढणार नाही. तुम्ही उठा. हवा तेवढा वेळ घ्या."

"मघाशी घाई होती ना?"

"घाई संपली."

ते वीतभर उठले आणि धपकन खाली बसले. मी त्यांच्या टाचेकडे बघत राहिले. त्यांनी दोन श्वास घेतले, टाच परत टेकवली, ओठ आवळले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. पलीकडच्या पलंगावरचा माणूस वर्तमानपत्र बाजूला ठेवून बघत होता. तिसऱ्यांदा काका वाकले आणि सरांच्या गळ्यातलं घड्याळ किंचाळलं.

"वेळ संपली. हात मागे घ्या."

"नाही घेत," मी म्हणाले.

"बाई, वेळेनंतरचं काहीही मोजलं जात नाही."

"मग मोजू नका, सर. पण यांना मी अर्ध्यात सोडणार नाही."

वॉर्डात कुणी सरांशी असं बोललं नसावं. सिस्टरने औषधांचा ट्रे हळूच खाली ठेवला. सर लाल झाले, पण ओरडले नाहीत.

"या वॉर्डात सकाळी एकेका फिजिओच्या वाट्याला नऊ रुग्ण येतात," ते म्हणाले. "एकावर एवढा वेळ घातलात तर उरलेल्या आठांनी काय पलंगावरच झोपून राहायचं? सात मिनिटं मी हौसेने नाही ठरवली."

"आज उचललं तर उद्याही उचलावं लागेल, सर. परवाही. हे स्वतः उठायला शिकले तर उद्या आठच उरतील."

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं, कारण काका उठत होते. गुडघे थरथरत होते, मान पुढे, मग कंबर, मग पाठ. उभे राहिले. माझा गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकलेला होता, हात पट्ट्याभोवती होते, पण पट्टा ढिलाच होता. ते हळूहळू उजवीकडे वळले आणि खुर्चीत बसले. सगळं मिळून साडेअकरा मिनिटं.

सरांनी फाईल उचलली आणि तक्त्याच्या खालच्या रकान्यावर पेन टेकवलं. तिथे रुग्णाला किती मदत लागली ते लिहायचं असतं.

"दोन माणसांची मदत लागणारा रुग्ण आहे हा. तुम्ही एकटीने उठवलंत, म्हणजे तुम्ही ओढलंत. सवयीने. जोरात."

चिडायचं नाही असं मी सकाळी तीनदा स्वतःला बजावलं होतं.

"सोळा वर्षं ओढलंय मी, सर! ओढणं काय असतं ते मला नका शिकवू. आज ओढलं असतं तर आत्ता घरी असते, पास होऊन. विश्वास नसेल तर तुम्ही स्वतः पट्टा धरा आणि बघा."

"काय?"

"होऊ दे की," खुर्चीतून रंगारीकाका म्हणाले. घामाने त्यांचा सदरा छातीला चिकटला होता. "जरा पाणी द्या, दम खाऊ द्या. मग मास्तरांना धरू द्या."

मी त्यांची नाडी पाहिली, पाच मिनिटं विश्रांती दिली. सर निघून जातील असं मला वाटलं होतं. पण सरांनी तक्ता सिस्टरच्या हातात दिला, बाह्या मागे सारल्या आणि खुर्चीसमोर आले. पवित्रा मात्र पाहण्यासारखा होता. गुडघा बरोबर जागी, पाठ सरळ. एके काळी हा माणूस उत्तम फिजिओ असणार. त्यांनी पट्ट्याला हात घातले.

"उठा," ते म्हणाले.

काका वाकले. टाच टेकली. काहीच झालं नाही. दहा सेकंद, वीस सेकंद. थांबणं किती कठीण असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. सरांच्या मनगटाच्या शिरा ताठ होताना मला दिसल्या.

"सर, ओढू नका."

"मी ओढत नाहीये."

"ओढताय. बोटं बघा तुमची."

त्यांनी खाली पाहिलं. बोटं पांढरी पडली होती. त्यांनी ती एकेक करून सैल केली, आणि पहिल्यांदाच नुसते थांबले. काका एकदा अर्धवट उठून परत खाली बसले. सर थांबले. काका पुन्हा वाकले. सर बघत राहिले, त्यांच्या मांडीकडे, टाचेकडे. त्यांचा श्वास काकांच्या श्वासाबरोबर चालला होता. आणि मग रंगारीकाका सरांच्या डोळ्यांदेखत, सरांच्या रिकाम्या हातांच्या मधोमध, उभे राहिले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी पुसलं नाही, कारण गरज पडली तर धरायला हात मोकळे हवे होते.

"सिस्टर, लिहा," सर काकांवरची नजर न हलवता म्हणाले. "किती मदत लागली: काहीच नाही. कुणाचीही नाही. फाईलवरचंही खोडा."

"वेळेचे गुण, सर?"

"वेळेचे शून्य. नियम आहे तो." ते अजून काकांच्या टाचेकडेच बघत होते. "खुर्चीत बसवण्याचे मात्र, वेळेनंतरचे असले तरी, माझ्या सहीने पूर्ण द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण. पास."

पास म्हणाले तरी मी आधी खुर्चीचे ब्रेक पुन्हा एकदा तपासले.

"झालं," सर म्हणाले, "आता यांना कुणीतरी बसवा."

"कुणी बसवायचं नाही," रंगारीकाका म्हणाले. "मी बसतो."

आणि बसायला त्यांनी भरपूर वेळ घेतला. आम्ही तिघंही थांबलो.