ताराच्या साइटमधल्या चुका

चांदणी ऑर्केस्ट्राची वेबसाइट करायचं काम माझं होतं, हे मी आजही म्हणते. ऑर्केस्ट्राचे मालक साहेबराव आमच्या घरी आले ते माझंच नाव विचारत. २००२ साली नवीन जालन्यात साइट करणारी बाई मी एकटीच. बियाण्यांच्या एका कंपनीची साइट मी केली होती, ती तिथल्या साहेबांना आवडलीही होती. पण साहेबराव आले त्या दिवशी मी नेमकी माहेरी, अंबडला गेलेली, आणि घरात माझी नणंद. तारानं त्यांना चहा पाजला आणि म्हणाली, "मीही करते की वेबसाइट." झालं. मी परत आले तर बाई माझ्याच कॉम्प्युटरवर, माझ्याच खुर्चीत बसून, मीच शिकवलेलं काम करत होती.

ह्यांना बोलून दाखवलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "काम घरातच राहिलं ना? मग झालं तर."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

साहेबराव पुन्हा आले तेव्हा मी सरळच विचारलं, की नवशिक्या पोरीच्या हातात एवढं काम देताय, तिचं काही बघितलंत तरी का? बिचारे गोंधळले. त्यांचा ऑर्केस्ट्रा जत्रांना जायचा, लग्नात हळदीला गायचा. होळीनंतर कार्यक्रमांच्या सुपाऱ्या यायला लागायच्या, त्याआधी साइट सुरू व्हायला हवी होती. शेवटी त्यांनीच तोड काढली.

"असं करू वैनी. ताराताईला करू द्या. होळीला मी येतो, तुम्ही तपासून सांगा. चालंल म्हणल्या तर जल्दी चालू करून टाकू. न्हाई म्हणल्या, तर मंग तुम्हीच करा नव्यानं."

मला अजून काय हवं होतं? तारा काय दिवे लावणार, ते मला ठाऊक होतं.

काही दिवसांनी तिनं हाक मारली. "वहिनी, जरा बघता का?"

बघितलं. काळ्या पानावर लाल अक्षरं, तीही लुकलुकणारी. मध्ये एक चमचमता गोळा गरगर फिरत होता. पान उघडल्याबरोबर गाणं सुरू, आणि ते बंद करायची काही सोय नाही. गायिकेचा फोटो टिकलीएवढा, कीबोर्डवाल्याचा परातीएवढा. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

"हे काय गं?" मी सुरू केलं. "हे वाचायचं की डोळे फोडून घ्यायचे? पांढऱ्यावर काळं कर. तो गोळा आधी काढ. फोनच्या लाइनवर हे पान उघडेपर्यंत माणूस जेवून येईल. आणि लोक गाणारीकडे बघून ऑर्केस्ट्रा ठरवतात, पेटीवाल्याकडे बघून नाही."

तिचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी भात दोनदा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी बघते तर सगळं बदललेलं. पान पांढरं, गोळा गायब, गायिका मोठी. "आता बराबर झालं का वहिनी?" रुसवा नाही, फुगवा नाही. मला वाटलं होतं ती रडेल आणि नाद सोडेल.

मग मी रखमाजी मामांना पुढे केलं. मामा धावड्याचे शेतकरी, ह्यांच्या जुन्या ओळखीतले. पोराच्या लग्नाच्या खरेदीला जालन्यात आले की आमच्याकडे चहाला टेकायचे. मी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. "मामा, हळदीला हा ऑर्केस्ट्रा ठरवायचाय असं समजा. फोन नंबर शोधून काढा."

मामांनी गायिकेच्या फोटोवर दाबलं. काही झालं नाही. मग कुठल्याशा पानात शिरले आणि तिथंच अडकले.

"पोरी, ह्यात मानूस आत जाऊन राह्यलंय, पण बाहेर येता येईना," ते कपाळ पुसत म्हणाले. "नंबर काय मला घावला न्हाई."

घावणार कसा? तो पार शेवटच्या पानावर, तळाला, बारीक अक्षरात होता. मी ताराला झापलं, "सुपारी देणाऱ्यालाच नंबर सापडत नाही! प्रत्येक पानावर टाक, वरच्या कोपऱ्यात, मोठा. आणि मागे जायची खूण ठेव." ती मान डोलावत ऐकत राहिली.

होळीपर्यंत हेच चाललं. गाणं आपोआप नको, ज्याला ऐकायचं त्यानं दाबावं. मजकूर निम्मा कर. जत्रेचा कार्यक्रम वेगळा दाखव, हळदीचा वेगळा. मला अंघोळ करताना चुका सुचायच्या आणि केस पुसायच्या आत मी त्या तिला ऐकवून यायचे.

होळीला साहेबराव आले. मामांना मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं, साहेबरावांच्यादेखत ते पुन्हा फसावेत म्हणून. मामा बसले, पडद्याकडे बघितलं, आणि शेजारचा फोन उचलून नंबर फिरवला. साहेबरावांच्या खिशातला मोबाइल वाजला.

"हालो, साहेबराव का? मी रखमाजी, धावड्याचा. हळदीला यायला जमंल का?"

खुर्चीला खुर्ची लावून बसलेले दोघं फोनवर बोलत होते. सगळे पोट धरून हसले. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी चूक शोधत होते. अक्षरं बघितली, फोटो बघितले, एकेक पान मागेपुढे करून बघितलं. मी केली असती तर साइट अशीच झाली असती. अगदी अशीच.

"चालेल," मी म्हणाले.

"बास!" साहेबराव खूश झाले. "माझा मेहुना बँडवाला हाय, त्याचं काम बी ताराताईलाच देऊ. आन् वैनी, तुम्ही अशाच चुका काढत राहा. ते तुमच्यावानी कुनाला जमनार न्हाई."

तारा वाकली आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडली. "तुम्ही नसता तर मी हे कधीच सोडून दिलं असतं वहिनी."

होळीपर्यंत मी तोंडाला कुलूप लावून बसायचं आणि होळीला 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. काम माझं होतं. पण तिची चूक दिसली की ती तिला ऐकवल्याशिवाय मला चैनच पडेना. मी जळत राहिले, त्या जाळावर तिची भाकरी खरपूस भाजून निघाली, आणि आता तिच्या डोक्यावर हात ठेवून मला म्हणावं लागत होतं, "यशस्वी हो."