भोंग्याविना बोलणारी पेटी

वालूरजवळच्या एका गावात, मारुतीच्या देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. सप्ताह संपल्यावर देवळाचे भोंगे चारठाण्याला उसने गेले होते. मागे उरला होता आजोबांच्या काळातला, काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, आणि तो म्हणे बोलत होता!

देवळात उतरलेले भुजंग महाराज अँप्लिफायरची ती पेटी फिरवून तिची पाठ दाखवत. "बघा, भोंगा न्हाई, भोंग्याची वायर न्हाई. तरी मारुतराया बोलायलाय. आत लाल दिसायलंय ना, ते देवाचं तेज हाय." माणसं पेटीला कान लावत. आतून डासासारखा बारीक आवाज येई आणि भाविक डोळे पुसत मागे सरत.

प्रियांकाला पहिल्यापासूनच यात काळंबेरं वाटत होतं. पूर्णेला तिच्या वडिलांचं मंडप आणि लाउडस्पीकरचं दुकान होतं. भोंगा न जोडता असली पेटी चालू केली की ते रागवायचे. पण सुनेचं ऐकतो कोण? ती गप्पच बसली असती. पण पेटीने तिच्या सासूला, पार्वतीबाईंना, टीबीच्या गोळ्या सोडून अंगारा खायला सांगितलं. पार्वतीबाईंनी ऐकलं. खोकला पुन्हा सुरू झाला, थुंकीत रक्त दिसलं. प्रियांका घाबरली आणि चिडलीही.

सासूबरोबर ती देवळात गेली. सगळ्यांनी बाहेर जाणारी वायर शोधली होती, आत येणारी कुणी पाहिलीच नव्हती. ती वायर सतरंजीखालून कोठीत गेली होती. प्रियांकाने कोठीचं दार ढकललं, तर महाराजांचा शिष्य तोंडाशी माईक धरून बसलेला! तिने तो हिसकावला.

"आत्याबाई, मी प्रियांका बोलायलेय. आजपासून गोळ्या परत सुरू करा."

पेटीला कान लावून बसलेल्या पार्वतीबाई दचकल्या. देव सुनेच्या आवाजात बोलत होता.

बाहेर येऊन प्रियांकाने आधी पेटी बंद केली. मग समजावून सांगितलं : आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पट्ट्या आवाजाबरोबर थरथरतात, भोंगा नसला की तेवढीच कुजबुज ऐकू येते. तेज म्हणजे तापलेले व्हॉल्व्ह. भोंग्याविना चालवायचीच, तर भोंग्याच्या जागी योग्य ताकदीचा रेझिस्टन्स जोडावा लागतो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो.

देव कोपेल, असं महाराज पुटपुटले. पार्वतीबाई उठल्या.

"मी मेले असते, तर तुमची पेटी माझ्या लेकराला काय म्हणली असती?"

वाचकहो, देवावर श्रद्धा जरूर ठेवा, पण औषध बंद करायला सांगणारा आवाज आला, तर हात जोडण्याआधी त्याची वायर कुठं जाते ते बघा.