बोनकोड्याच्या हळदीत पडलेला खोका

मी खोका बोलतोय. स्पीकरचा. हळदीच्या मांडवात कडेला उभा राहून तुमच्या छातीत धडधड भरवतो ना, तो काळा खोका. आज मला वायर लावलेली नाही, म्हणून हळू बोलेन. आणि मोठ्यानं सांगावं असं माझ्याजवळ उरलेलंही काही नाही. मी एका बाईवर पडलो. जिचा आवाज पाच वर्षं माझ्यातून लोकांनी ऐकला, तिच्याच हातावर.

तुम्ही म्हणाल, खोक्याला कसली आली लाज? नसेल येत. पण ज्यांना यायला हवी होती त्यांनी त्या दिवशी ती घरी ठेवली होती. मग कुणीतरी वाहायला नको?

माझा जन्म दिघ्याचा. तिथं एका पत्र्याच्या गाळ्यात हौसेराव नावाचा सुतार खोके करायचा. तोंडानं फाटका, पण हाताला सरळ. जाड प्लायवूड, आत पंधरा इंची भोंगा, कोपऱ्यांना पत्रा. पाठीवर त्यानं दोन लोखंडी कड्या बसवल्या आणि मला न्यायला आलेल्या माणसाला दम भरला, "ह्या कड्या शोभेला नाहीत. वर चढवला की पट्टा घालून खांबाला आवळायचा. हा स्वतःच्याच धडधडीनं सरकतो. समजलं का?"

"समजला रं बाबा," तो माणूस म्हणाला. त्याला समजलं नव्हतं. त्याचं लक्ष माझ्या आवाजाकडे होतं.

तो रामचंद्र. बोनकोडे गावचा. बाप मिठागरात राबला, हा दिवसा वाशीच्या मार्केटात काम करायचा आणि हळदीला, साखरपुड्याला बँजो वाजवायचा. पत्तीनं तारा छेडायला लागला की म्हाताऱ्या बायकासुद्धा पदर खोचून उठायच्या. बॅन्ड त्याचाच म्हणायचा, पण एकट्याचा नाही. त्याचा भाचा धनेश पॅडवर, म्हणजे ते काठ्यांनी ठोकायचं विजेचं वाद्य. शेजारचा प्रितेश ढोलकीवर. सुपारी घेणं, म्हणजे कार्यक्रम ठरवणं, हेही प्रितेशकडे, कारण फोन त्याचा भारी होता.

मला आणल्यावर माझ्या अंगावर नाव रंगवायचं ठरलं आणि तिघांची जुंपली. सर्वेसर्वा कोण? पेंटर ब्रश धरून अर्धा तास उभा.

"अहो, सर्वेसर्वा एकच असतो," तो वैतागून म्हणाला.

"आमच्यात तीन असतात," प्रितेश म्हणाला. "तू लिव."

लिहिलं. पिवळ्या रंगात, एकाखाली एक, तिघंही सर्वेसर्वा. मी ते अंगावर मिरवत सगळ्या गावांतून फिरलो. मलाही फार फुगल्यासारखं व्हायचं, खोटं कशाला बोलू.

मैत्रीचं नाव त्यात नव्हतं. मैत्री गायची. दिघ्याला आईवडलांकडे राहायची, मूळ घर मराठवाड्यात. दिवसा वाशीच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. "लहान मुलं माझ्याकडून सुई टोचून घेताना रडत नाहीत," असं जरा फुशारकीनं सांगायची. बाबासाहेबांची गाणी गायली तर माणसं ताठ बसायची, हळदीची गायली तर बसूच शकायची नाहीत. पाच वर्षांत तिच्याशिवाय एक सुपारी गेली नाही. फ्लेक्सवर फोटो तिचाच सगळ्यात मोठा, कारण तो बघून फोन यायचे. फोटो मोठा, नाव कुठेच नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसायला हवं होतं.

एका रविवारी रामचंद्राच्या पडवीत सराव चालला होता. मैत्रीला न्यायला तिची थोरली बहीण दीक्षा आली. ती वाशीला एका वकिलाच्या हाताखाली कामाला. पर्समधून तिनं एक कागद काढला.

"काका, रागावू नका. हे वाचून बघा. बॅन्ड कोणाचा, जबाबदारी कोणाची, कार्यक्रमात कोणाला काही लागलं तर कोण बघणार, एवढं लिहून ठेवा. कार्यक्रमाचा विमासुद्धा निघतो. मी चौकशी केलीय."

"ताई, आमी वाजवायला बसतो, कोर्टात नाय," प्रितेश म्हणाला.

"कोर्टात बसायला लागू नये म्हणूनच सांगते."

रामचंद्र हसला. वाईट मनानं नाही. "पोरी, घरातल्या मान्सांत कागद कशाला? कागद केला म्हंजे एकमेकांवर भरवसा नाय असा झाला."

"काका, भरवसा आहे तोवर लिहायचं असतं. नंतर कोण सही करतंय?"

नेमकं तेव्हा धनेशनं माइक माझ्याजवळ आणला आणि मी कुईऽऽ करून ओरडलो. तिचं पुढचं बोलणं बुडालं. सगळे हसले, मैत्रीही हसली. दीक्षानं कागद घडी करून परत पर्समध्ये टाकला. पोरगी शहाणपणाचं बोलत होती आणि मी वर तोंड करून ओरडलो. ही माझी पहिली चूक. पडण्याच्या आधीची.

मग ती हळद आली. बोनकोड्यातलीच. स्पीकरच्या परवानगीला पोलीस ठाण्यात कोणीतरी जायचं होतं. प्रितेश म्हणाला, मला काम आहे. धनेश म्हणाला, मामा तुमीच जा, तुमाला तिथं वळखतात. रामचंद्र गेला. चष्मा घरी राहिला होता. समोर हमीपत्र आलं, हवालदारानं बोट दाखवलं तिथं त्यानं सही केली. कार्यक्रमात काही बरंवाईट झालं तर मी जातीनं जबाबदार, असं त्यात होतं. परत येऊन म्हणाला, "झाला काम." आपण काय कबूल करून आलो हे त्याला माहीत नव्हतं.

संध्याकाळी सहाला मला दुसऱ्या खोक्याच्या डोक्यावर चढवलं. पाठीच्या कड्यांतून पट्टा घालून मांडवाच्या खांबाला आवळलं. इथपर्यंत सगळं हौसेरावानं सांगितल्याप्रमाणे. तेवढ्यात खाडीकडून वारा सुटला आणि बॅन्डचा फ्लेक्स एका बाजूनं लोंबू लागला.

"मामा, बॅनर पडतोय! आपली तोंडा दिसत नाय!" धनेश ओरडला.

सुतळी कुठे मिळेना. रामचंद्रानं इकडंतिकडं बघितलं आणि माझा पट्टा सोडला. "पाच मिंटांचा काम हाय," तो म्हणाला. पट्ट्यानं त्यानं फ्लेक्स बांधला. छान ताठ बसला. सगळ्यांची तोंडं दिसायला लागली.

पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. गाणी सुरू झाली, नवऱ्याच्या आत्या नाचायला उतरल्या, आणि मी माझ्याच धडधडीनं सरकायला लागलो. बोटभर. मग अजून बोटभर. मला कळत होतं. मी ओरडतच होतो की, पण माझं ओरडणं म्हणजे गाणं. लोकांना वाटलं, काय वाजतोय खोका! मैत्री माझ्यापुढं पाठमोरी उभी होती, एक हात वर करून. एक आत्याबाई तिला म्हणाली, "ए मैत्री, आमच्या पोराचा नाव घे ना गाण्यात!" ती हसून वळली, त्याच वेळी मी पडलो. तिनं मला अडवायला उजवा हात पुढं केला.

मनगटाची दोन्ही हाडं मोडली.

पुढचं मला पडवीत पडल्यापडल्या ऐकून कळलं. हॉस्पिटलात विचारलं, पेशंट कोणाच्या कामावर होती? प्रितेश पुढं झाला आणि म्हणाला, "आमची नाय ती. बोलावलेली कलाकार हाय, येते नि जाते." रामचंद्र शेजारी उभा होता. त्यानं मान खाली घातली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तिच्या हातात धातूची पट्टी घातली, स्क्रू बसवले. आणि हे तिघं बाहेर बसून हमीपत्रावर कोणाची सही आहे यावर भांडत होते.

दीक्षानं पोलिसांत तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी धनेश पडवीत आला. हातात लांबी, म्हणजे भिंतीची पुट्टी, भरायची पत्री. माझ्यापुढं उकिडवा बसला आणि स्वतःचं नाव खरवडायला लागला. थोड्या वेळानं प्रितेश आला, तो टर्पेंटाइन घेऊनच आला होता. "मी नुसता फोन उचलतो," तो म्हणत होता, "मी कुठला मालक?"

आतून रामचंद्राची बायको धोंडूबाई बाहेर आली. "खरवडा, खरवडा. नाव लिवताना मारामारी केलीव, आता पुसताना कशी एकी झाली! आणि ती पोर तिकडं पलंगावर हाय, तिला बघायला गेला का कोन?"

धनेश खरवडतच राहिला. प्रितेशनं रामचंद्राला बाजूला घेतलं. "काका, पट्टा कोनी सोडला ते कोनी बघितला नाय. मांडववाल्यावर ढकलू. खांब ढिला होता म्हनायचा. गंगाराम काय बोलनार हाय?"

गंगाराम म्हणजे मांडव घालणारा. सत्तरीचा माणूस, स्वतःच बांबू खांद्यावर वाहणारा. रामचंद्र त्यावरही काही बोलला नाही. गप्प बसलेला माणूस मी एरवी सहन करू शकतो, पण हा बँजो वाजवणारा हात मांडीवर ठेवून नुसता बसायचा ते मला बघवेना.

आठव्या दिवशी दीक्षा आली. पायरीवरच उभी राहिली, आत आली नाही.

"काका, तुम्ही लिहून दिलं नाहीत, ठीक आहे. पण तिघं मिळून काम घेता, मिळतं ते वाटून घेता, म्हणजे कायद्यानं तिघं भागीदारच. एकाची चूक तिघांच्या अंगावर येते, नाव खरवडलंत तरी. ते वकील बघतील. मी एकच विचारायला आले. मैत्री तुमच्या बॅन्डमधली होती की नाही?"

रामचंद्र माझ्या खरवडलेल्या अंगाकडं बघत राहिला.

"ती रोज विचारते मला," दीक्षा म्हणाली. "हाताचं नाही विचारत. म्हणते, काका काय म्हणाले?"

तो उठून आत गेला. धोंडूबाईनं पाण्याचा तांब्या आणला, तोवर दीक्षा निघून गेली होती.

अकराव्या दिवशी पोलीस पंचनाम्याला आले. मला अंगणात काढलं. तिघंही हजर, गंगारामलाही बोलावलेलं. म्हातारा टोपी हातात घेऊन उभा होता. हवालदारानं माझ्या कड्या बघितल्या.

"कशानं बांधला होता?"

"खांब ढिला होता साहेब," प्रितेश चटकन म्हणाला. "मांडववाल्याची चूक."

गंगारामचं तोंड उघडंच राहिलं. तो रामचंद्राकडं वळला. "रामा, माझा खांब ढिला? तुज्या लग्नाचा मांडव मी घातला व्हता रं."

रामचंद्र हवालदाराच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "खांब घट होता. पट्टा मी सोडला. बॅनर बांधाला."

"मामा!" धनेश म्हणाला.

"गप बस. साहेब, लिवा. पट्टा मी सोडला, परत घातला नाय. आनि ती पोर आमची हाय. पाच वर्सं आमची हाय. येते नि जाते म्हनाले ते खोटा हाय. मी तितंच उभा होतो, मी गप बसलो. ते पन लिवा."

हवालदारानं लिहिलं. या वेळी रामचंद्रानं आतून चष्मा मागवला, सगळा जबाब ओळ न् ओळ वाचला आणि मग सही केली.

तुम्हाला वाटेल, चला, शेवटी माणूस खरं बोलला. मलाही त्या दिवशी तसंच वाटलं होतं. पण अकरा दिवस ती पोर पलंगावर पडून विचारत होती, आणि अकरा दिवस तिला उत्तर मिळालं नाही. खरं उशिरा बोललं तरी ते खरंच असतं, पण तोवर ऐकणारं माणूस झिजलेलं असतं.

आता मी पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात आहे, मुद्देमाल म्हणून. अंगावर निळी ताडपत्री. शेजारी दोन मोडक्या मोटरसायकली. केस चालू आहे, तिघांवरही. बॅन्ड बंद आहे. धनेश मामाशी बोलत नाही. प्रितेशनं नवीन बॅन्ड काढला म्हणे. त्यांचं कागदपत्र आहे का, हे मला माहीत नाही.

गेल्या महिन्यात मैत्रीला ओळख पटवायला आणलं. ताडपत्री बाजूला केली. हाताची मूठ अजून पुरती वळत नव्हती. लॅबमध्ये तिला आता टेबलावर नोंदी करायला बसवलंय, सुई देत नाहीत.

"हाच का खोका?" हवालदारानं विचारलं.

"हाच," ती म्हणाली. मग डाव्या हातानं ताडपत्री परत ओढत म्हणाली, "आवाज चांगला होता हो ह्याचा."

लाथ घातली असती तर बरं झालं असतं.

ती वळून गेली तेव्हा फाटकाशी रामचंद्र उभा होता. हजेरीच्या तारखेला येतो तसा आलेला. तो पुढं झाला, काही म्हणायला. ती थांबली. ऐकून घेतलं. काय म्हणाला ते इतक्या लांबून मला ऐकू आलं नाही. तिनं मान हलवली, हो की नाही तेही कळलं नाही, आणि दीक्षाच्या मागोमाग रिक्षात बसली.

वाजवणाऱ्यांनो, गाणाऱ्यांनो, तुम्हाला म्हाताऱ्या खोक्याचं एवढंच सांगणं. आपलं कोण आणि परकं कोण, हे कोणाला लागायच्या आधी ठरवा. तोंडी नको, लिहून. सही करण्याआधी वाचा, येत नसेल तर वाचून घ्या. घरातली माणसं आहेत म्हणून लिहायचं टाळू नका. घरातलीच माणसं आधी मान खाली घालतात, मी बघितलंय.

माझा जबाब कोणी घेतला नाही. खोक्याचा घेत नाहीत. ज्यांचा घेतात त्यांनी तरी अकरा दिवस लावू नयेत.