सहा नंबरची पाहुणी

“नाकावरचं कापड काढ ना, आई. लोक बघतायत,” मासाउसो दबक्या आवाजात म्हणाला.

झेलिपानं कापड काढलं नाही. उलट अंगाला गुंडाळलेल्या चितेंगेचं टोक नाकातोंडावर आणखी घट्ट दाबून धरलं. जीप चारी बाजूंनी उघडी होती आणि वारा समोरून येत होता. समोरच्या वाळूत पाच सिंहिणी एका रानरेड्याच्या पोटात डोकी खुपसून बसल्या होत्या. रेडा कालच मेला असावा. त्याच्या कोठ्यातला हिरवा, अर्धवट पचलेला चोथा बाहेर सांडला होता आणि त्यावर माश्या इतक्या दाट बसल्या होत्या की तो चोथाच हलतोय असं वाटत होतं. एका सिंहिणीनं डोकं वर काढलं. डोळ्यांपर्यंत शेणानं माखलेलं. तिनं एक शिंक दिली आणि डोकं पुन्हा आत घातलं.

पुढच्या बाकावर इंग्रिड नावाची एक गोरी बाई आणि तिचा नवरा बसले होते. बाईच्या एका हातात दुर्बीण, दुसऱ्या हातात बिस्किट. ती नवऱ्याच्या कानात म्हणाली, “सुंदर!” आणि बिस्किटाचा तुकडा तोडला.

एवढं इंग्रजी झेलिपाला कळत होतं. लुआंग्वा नदीकाठच्या या सफारी कॅम्पमध्ये तिनं पंचवीसेक वर्षं चादरी धुतल्या होत्या. ‘सुंदर’, ‘धन्यवाद’, ‘डाग’ आणि ‘आणखी टॉवेल’ हे शब्द तिला पाठ होते. बोटांचे सांधे सुजून पिळायला येईनासं झालं तेव्हा तिनं काम सोडलं. त्यानंतर दोन वर्षांनी मासाउसो राजधानीतून, लुसाकाहून, स्वतःच्या गाडीनं गावात आला आणि सगळ्या आळीसमोर म्हणाला, “आई, ज्या खोल्यांच्या चादरी धुतल्यास ना, त्यातल्याच एका खोलीत आता तुला झोपवतो. पाहुणी म्हणून!” बायकांनी आनंदानं जिभा नाचवत आरोळ्या दिल्या. झेलिपालाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. तिनं नवे बूट घातले होते, आणि गाडीत बसताना दार जरा जास्तच वेळ उघडं ठेवलं होतं.

त्यांना सहा नंबरची खोली मिळाली होती. काल दुपारी आल्यापासून तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. इथं तिच्या पोराचं नाव वेगळंच होतं.

“मॅक्स म्हणजे कोण रे?” तिनं विचारलं होतं.

“मीच. ऑफिसात सगळे मॅक्सच म्हणतात. त्यांना मासाउसो म्हणता येत नाही.”

“तुझ्या ऑफिसात आपलीच माणसं आहेत ना?”

“आई, तू चहा घे.”

मासाउसो म्हणजे हालअपेष्टा. तो पोटात असताना दोन वर्षं पाऊस नव्हता, म्हणून बापानं ते नाव ठेवलं होतं. विमा कंपनीत लोक असल्या नावाच्या माणसाकडून विमा काढणार नाहीत, हे तिलाही समजत होतं. तिनं चहा घेतला.

सिंहांपासून परत आल्यावर दुपारी जेवायला बसले, तेव्हा पुढ्यात मांसाचा जाड तुकडा आला. मधे सुरी लावली की गुलाबी पाणी सुटत होतं. झेलिपाच्या डोळ्यांसमोरून तो हिरवा चोथा हलेना. तिनं ताट बाजूला सारलं.

“मॅडमना दुसरं काही आणू?” वायसननं विचारलं. वायसन तिच्याच गावचा. कॅम्पची जीप तोच चालवायचा, प्राणी तोच दाखवायचा, माणसं कमी असली की वाढायचाही.

“मॅडम कोण रे मेल्या? मावशी म्हणायला जीभ झडली का तुझी?” ती आपल्या भाषेत म्हणाली. “आत लव्हनेसला विचार, तिच्या पातेल्याच्या बुडाशी मक्याचा न्शिमा उरलाय का. आणि सुक्या मासळीचं थोडं कालवण.”

वायसन हसला. मग मासाउसोकडे बघून त्यानं हसू आवरलं.

“आई, इथे ते मिळत नाही,” मासाउसो म्हणाला.

“मिळत नाही कसं? मी जन्मभर इथे तेच जेवले.”

“ते नोकरांचं.”

एवढं बोलून तो इंग्रिडच्या नवऱ्याकडे वळला आणि मोठ्यानं कसल्याशा गप्पा मारू लागला. झेलिपा पाव कुरतडत बसली. स्वयंपाकघराच्या जाळीआडून लव्हनेस हातवारे करत होती. दोन बोटांनी नाक वर उचलून दाखवत होती: काय गं, मोठी झालीस! एरवी झेलिपानं तिला तिथूनच शिवी हासडली असती. आज तिनं नजर खाली वळवली.

संध्याकाळी वायसननं जीप नदीच्या वळणावर नेली. ऑक्टोबर संपत आला होता. नदी आटून डोहांपुरती उरली होती, आणि त्या डोहात पाणघोडे अंगाला अंग लावून कोंबल्यासारखे पडले होते. पाणी कसलं, त्यांच्या शेणाचा दाट हिरवा काला तो. एखादा उठला की शेपटी पंख्यासारखी फिरवून मागच्याच्या तोंडावर हगायचा. उन्हानं तापलेल्या त्या घाणीची वाफ घशात उतरत होती. आणि त्याच काठावर वायसननं टेबल मांडलं, पांढरं कापड अंथरलं, बाटल्या आणि बर्फ काढला.

याच डोहाच्या वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, जायलोस गेला होता.

जायलोस म्हणजे तिचा नवरा, मासाउसोचा बाप. मासाउसो तेव्हा सहा-सात वर्षांचा असेल. तापानं आठवडाभर अंथरुणाला खिळला होता. काही गिळत नव्हता. एका रात्री त्यानं ताज्या माशाचं पाणी मागितलं. जायलोस पहाट होताच होडकं घेऊन गेला. पाणघोड्याची मादी पिल्लाबरोबर होती, ती अंधारात त्याला दिसली नाही. गावातल्या चार पोरांनी त्याला पाण्यातून काढलं, त्यांतला एक वायसन होता. पोराला पुढे झेलिपानं एवढंच सांगितलं, की बाप मासे धरायला गेला आणि आला नाही. कुणासाठी गेला, ते तिनं घरात कधी कुणाला बोलू दिलं नाही.

ती जीपच्या पायरीवर बसली होती. टेबलापाशी मासाउसो बोलत होता. आधी ती नुसती त्याच्याकडे बघत होती. उंच, टापटीप, हातात काचेचा पेला. मग तो झिंगल्यासारखा डुलायला लागला. पेला उंचावून वेडावाकडा चालला. इंग्रिड आणि तिचा नवरा हसले. त्यानं कुणाशी तरी पैज लावल्यासारखी टाळी दिली, वाकून हवेत एक चापट मारली, जणू एखाद्या जनावराच्या ढुंगणावर. दोघं आणखी हसली. मग मासाउसोनं दोन्ही हात लांब केले, वरचा वर, खालचा खाली, जबडा उघडावा तसे. आणि एकदम मिटले.

खट्!

“माय फादर,” तो म्हणाला.

इंग्रिडनं तोंडावर हात ठेवला. नवरा म्हणाला, “ओ, नो!” पण हसू अजून त्याच्या गालांवरून पुरतं उतरलं नव्हतं. मासाउसोनं खांदे उडवले. हा खेळ त्यानं आज पहिल्यांदा केला नव्हता, हे झेलिपाला त्या खांद्यांवरून कळलं. टाळी कुठे द्यायची, कुठे थांबायचं, सगळं घोटलेलं होतं.

वायसननं हातातली बाटली टेबलावर ठेवली आणि तो जीपच्या मागे निघून गेला.

इंग्रिड धावत आली. तिनं झेलिपाला मिठी मारली. तिच्या गळ्याला दारूचा आणि कसल्याशा गोड मलमाचा वास येत होता. डोळे खरोखरच ओले होते. ती काहीतरी म्हणाली, नदीकडे बोट दाखवलं, हातातला फोन दाखवला.

“आई, जरा उभी राहा ना,” मासाउसो म्हणाला. “त्यांना तुझ्याबरोबर एक फोटो हवाय. मागे नदी येऊ दे. एकच.”

आणि झेलिपा उभी राहिली. का राहिली, ते तिला नंतरही उमगलं नाही. जन्मभर इथं कुणी ‘जरा’ म्हटलं की ती उठून उभी राहत आली होती, म्हणून असेल. इंग्रिडनं तिच्या खांद्यावर हात टाकला. फोटो निघाला.

मग झेलिपा जीपच्या मागे गेली आणि ओकली. पाव, चहा, सगळं. वायसननं पाण्याची बाटली पुढे केली.

“मावशी, मी बोलू का त्याला?”

“नको. तो पाहुणा आहे. उद्या तक्रार केली तर तुझ्या पोटावर पाय येईल.”

“पण जायलोसकाका थेंबाला शिवत नव्हता, मावशी.”

“मला सांगतोस?” ती चूळ भरून म्हणाली. “चल, डोळे पूस. त्यांना बर्फ हवा असेल.”

खोलीत परतल्यावर ती पलंगावर न बसता जमिनीवर, भिंतीला टेकून बसली. मासाउसो बूट काढत होता.

“असं तोंड पाडून काय बसलीस?”

“तुझा बाप दारू पीत नव्हता.”

त्यानं एक बूट ओढून काढला. “आई, गोष्ट सांगताना माणूस थोडं इकडचं तिकडे करतोच.”

“बापाचं?”

“ते विचारत होते, तुम्ही इथलेच का? काय सांगायचं मी? आई इथल्या चादरी धुवायची म्हटलं की लोक गप्प होतात. विषय बदलतात. मी ते बघितलंय, एकदा नाही, दहादा. पण बापाला पाणघोड्यानं मारलं म्हटलं की खुर्ची जवळ ओढून बसतात. तुला नाही कळायचं ते.”

“कळलं की. हसताना बघितलं मी त्यांना.”

“मग काय रडत सांगू?” त्याचा आवाज चढला. “रडणाऱ्याला कुणी दुसऱ्यांदा जेवायला बोलावत नाही. आणि खरं काय होतं, ते तू तरी कधी सांगितलंस? लहानपणी विचारलं की पाठ फिरवायचीस. पहाटे, अंधारात, शहाणा माणूस त्या पाण्यात उतरतो होय? मला वाटलं, प्यालाच असणार.”

झेलिपा त्याच्याकडे बघत राहिली. तिला त्याची किळस आली. स्वतःच्या पोटच्या पोराची, त्याच्या स्वच्छ पांढऱ्या मोज्यांची, त्या दोन हातांची. आणि उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. एका वाक्याचं काम. ते ऐकल्यावर त्यानं पुन्हा कधी ते हात तसे मिटले नसते. कदाचित पुन्हा कधी नीट झोपलाही नसता.

“सांग ना,” तो म्हणाला. “कशाला गेला होता?”

“मासे आणायला.”

“अंधारात? एवढी कसली घाई?”

“मला खावेसे वाटले होते,” झेलिपा म्हणाली. “मी हट्ट धरला.”

मासाउसोनं दुसरा बूट काढला, दोन्ही बूट भिंतीशी नीट लावून ठेवले.

“मग बघ,” तो हळूच म्हणाला. “आणि मला बोलतेस.”

ती उठली आणि बाहेर गेली. स्वयंपाकघरामागच्या ओसरीवर लव्हनेस आणि दोघीतिघी जणी जेवायला बसल्या होत्या.

“आल्या बघा मॅडम!” लव्हनेस ओरडली. “आज कुणाच्या चादरी मळवल्यात?” मग झेलिपाचा चेहरा बघून तिनं आपलं ताट पुढे सरकवलं. झेलिपानं न्शिमाचा गोळा मोडला, कालवणात बुडवला, आणि कुणाशी न बोलता पोटभर जेवली.

सकाळची फेरी तिनं नाकारली. मासाउसोनं आग्रह केला नाही. दुपारी तो तिला गावाशी सोडायला निघाला. वाटेभर गाडीत गार वारा सोडला होता आणि काचा बंद होत्या. गावाच्या अलीकडे, पिठाच्या गिरणीपाशी, ती म्हणाली, “इथेच थांबव. पुढे वाळू आहे, गाडी रुतेल.”

वाळू फारशी नव्हती. त्यानं थांबवली.

“नाताळात येईन,” तो म्हणाला.

“ये.”

“राग धरलास ना?”

“उशीर नको करू. वाटेत हत्ती उतरतात,” ती म्हणाली आणि दार लावलं.

अंगणात नणंद भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. जायलोसची थोरली बहीण, गुडघ्यांनी गेलेली. शेजारणी झेलिपाची चाहूल लागताच धावल्या. सिंह पाहिलास का? गादी किती जाड होती? गोऱ्या तुझ्याशी बोलल्या का? झेलिपानं सगळं सांगितलं. सिंह पाच होते म्हणाली, गादी हत्तीच्या पाठीएवढी. पोरानं राणीसारखं ठेवलं. बायका खिदळत घरोघर गेल्या.

नणंद तेवढी उरली. झेलिपा तिच्यासमोर बसून शेंगा सोलायला लागली.

“झेलिपा,” थोड्या वेळानं नणंद म्हणाली, “इतकं नदीपाशी राहिलात. पोरानं बापाची आठवण काढली का गं?”

“काढली.”

“काय म्हणाला?”

झेलिपानं एक शेंग फोडली. दाणे किडके निघाले, ते तिनं बाजूला टाकले.

“काय म्हणणार! बोलता बोलता गळा भरून आला त्याचा. शेवटी मीच म्हटलं, पुरे आता, बाळा.”

नणंदेनं मनगटानं डोळे पुसले. “गुणाचं आहे पोर,” ती म्हणाली. “थेट बापावर गेलंय.”

झेलिपानं सोललेल्या दाण्यांचं सूप उचललं, वारा कुठून येतोय ते पाहिलं आणि पाठमोरी उभी राहून फोलपटं पाखडू लागली.