बटाट्याच्या यंत्रातले विष

गर्दी बघून कोणालाही वाटले असते, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा पुन्हा भरली. पण यात्रा उठून दोन महिने झाले होते. माघातल्या त्या सकाळी तापीकाठच्या गुलाबसिंगबापूंच्या वावरात दीड-दोनशे माणसे उभी होती, आणि ती घोडे बघायला आलेली नव्हती. ती विष बघायला आली होती.

विष दाखवणारे होते वज्रनाथ महाराज. महिन्यापूर्वी ते कुठूनसे आले आणि नदीवरच्या धर्मशाळेत उतरले. आपण सर्वसंगपरित्याग केला आहे, असे ते दिवसातून चार वेळा सांगत. फेट्याचा मात्र त्याग झालेला नव्हता. परटाकडून खळ घालून आणलेला तो पांढराशुभ्र फेटा पापडासारखा कडक असे आणि महाराजांनी मान हलवली की कुरकुरे. हातात काळ्या भोपळ्याचा कमंडलू, समोर धुपाचा ढग.

त्यांच्या मागे बापूंचे बटाटे काढायचे यंत्र उभे होते. त्याला सुंभाने करकचून बांधले होते, न जाणो, स्वतःहून पळून गेले तर!

शहाद्याच्या दवाखान्यातली नर्स जाहेदा गर्दीच्या कडेला येऊन थांबली. पहाटेच वाहरूचा निरोप आला होता, म्हणून ती बैलगाडीने आली होती. वाहरू बापूंचा सालदार. त्याची दोन पोरे आदल्या दिवशी ओकून ओकून अर्धी झाली होती. तिने पोरांना तपासले. दोघेही आता पेज मागत होते.

"काय खाल्लं होतं रे यांनी?"

"बांधवर बटाटा पडेल व्हतात ना बाई, हिरवा हिरवा. भाजीसन खादात."

"उन्हात चार दिवस पडलेला बटाटा हिरवा होतो, आणि हिरवा बटाटा बाधतो. मग तो कुदळीनं काढलेला असो नाहीतर यंत्रानं."

"पण महाराज त सांगतस, यंत्रमा इख शे, जहर शे!" वाहरू कुजबुजला. "आज ते सारा गावले दखाडी देणार शेतस. यंत्र तापीमा बुडाडणार. अन्... तुमना अब्बाले गावबंदी."

म्हणून जाहेदा वावरात आली होती.

ते यंत्र परदेशातून खोक्यात सुटे सुटे येऊन नंदुरबार स्टेशनवर उतरले होते. ते जोडले होते तिच्या अब्बांनी, हारुन मिस्त्रींनी. सुटीचे चार दिवस तीही तेलाची बुधली घेऊन त्यांच्याजवळ बसली होती. यंत्रात गूढ असे काहीच नव्हते. दोन मोठी लोखंडी चाके, जमीन पकडावी म्हणून त्यांच्या धावेला आडव्या पट्ट्या. घोड्यांनी ओढले की चाके फिरत, चाकांबरोबर आस फिरे, आणि आसावरचे दातेरी चक्र आपली गती दुसऱ्या दातेरी चक्राला देऊन मागच्या काट्यांच्या चाकाला गरगर फिरवी. पुढे रुंद फाळ. तो वरंब्याखाली शिरून बटाट्यांसकट माती उचले. मागचे काटे ती एका बाजूला उधळत. माती विखुरली की बटाटे वर उघडे पडत. फाळ किती खोल जावा हे ठरवायला बैठकीशेजारी एक दांडी होती, आणि दांडी अडकवायला पाच खाचा.

अब्बांनी दांडी चौथ्या खाचेत ठेवली होती. जाहेदाने सुंभाखाली बघितले. दांडी दुसऱ्या खाचेत होती.

तिला ते खटकले. पण तेवढ्यात महाराजांनी शंख फुंकला.

"भूमातेच्या उदरात लोखंडी पंजा घातलात!" महाराज गरजले. "अरे, हा पंजा पुढं जाताना फिरतो. घोडे माघारी घ्या, चाकं फिरतात पण पंजा हलत नाही. का? कारण पिशाच्च माघारी पाऊल टाकत नाही! आणि माघारी घेताना चाकातून कटकट कटकट आवाज येतो, तो कसला? दात खातंय ते, दात!"

लोक शहारले. जाहेदाला हसू दाबावे लागले. त्या दातांना तिने स्वतः तेल दिले होते. चाकाच्या तुंब्यात स्प्रिंगने दाबलेल्या पोलादी जिभा होत्या. पुढे जाताना त्या खाचांत अडकत आणि आस फिरवत, मागे येताना खाचांवरून नुसत्या घसरत. कटकट त्याची होती. घोडे वळवताना काटे उलटे फिरून मोडू नयेत, एवढाच त्या पिशाच्चाचा उद्देश.

"आता प्रत्यक्ष प्रमाण!" महाराज म्हणाले. "हा ढीग यंत्रानं काढलेला. आहे तसा टोपलीत भरा. आणि हा हातानं काढलेला. यातले निवडक, धडधाकट आणा. देवापुढं फुटकं-तुटकं चालत नाही."

तुळशीबाई पुढे झाली. वीस वर्षे बापूंच्या वावरात मजुरी केलेली ही म्हातारी महाराजांची सगळ्यात मोठी भक्त होती, कारण यंत्राने तिचा रोजगार जाणार हे तिला पहिल्या दिवशीच कोणीतरी सांगितले होते. तिने एकेक बटाटा पुसून, फिरवून निवडला.

महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि कमंडलूतले पाणी हाताच्या बटाट्यांवर शिंपडले. काही झाले नाही. तेच पाणी त्यांनी यंत्राच्या बटाट्यांवर शिंपडले. बघता बघता त्या बटाट्यांवर निळेकाळे ओरखडे उमटले. कुणाच्या पोटावर, कुणाच्या पाठीवर, जणू नखे लागून रक्त साकळले होते.

"ओ माय!" तुळशीबाई किंचाळली. "काळा पडनात व, काळा पडनात!"

"पाणी एकच!" महाराजांनी कमंडलू उंचावला. "मी पक्षपात केला का? विष आपणहून बोललं! सूर्य डोक्यावर यायच्या आत यंत्र तापीला अर्पण करा. विषारी माल गावात ठेवू नका. हे सुकलालशेठ पुण्यवान आहेत, ते स्वतःच्या गाडीतून नदीपलीकडं नेऊन पुरून टाकतील. आणि ज्या हातांनी हे पाप जोडलं, ते हात या शिवेच्या आत पुन्हा दिसता कामा नयेत."

बटाट्यांचा व्यापार करणाऱ्या सुकलाल अडत्याने पुण्यवान चेहरा करून हात जोडले. त्याच्या तीन गाड्या जुंपून तयार होत्या. बटाटे पुरायला तो रिकाम्या गोण्या आणि तोंड शिवायचा दाभणही घेऊन आला होता.

गुलाबसिंगबापू मान खाली घालून बाजूला उभ्या असलेल्या हारुन मिस्त्रींकडे वळले. "हारुनभाई, तुम्ही वाईट माणूस नहीत. पण गावना शब्द शे. मी काय करू?"

"बापू," हारुन मिस्त्री शांतपणे म्हणाले, "लोखंडले भूत लागत नही. गंज लागस." तीस वर्षे या पंचक्रोशीतल्या मोटा, चाके आणि नांगर त्यांनी सांधले होते.

जाहेदा बापाकडे बघत नव्हती. ती महाराजांच्या बोटांकडे बघत होती. उजव्या हाताच्या तीन बोटांची टोके पिवळट तपकिरी होती. तिने आपला हात पदराआडून काढून बघितला. तीच बोटे, तोच रंग. ती धुपाच्या ढगात दोन पावले पुढे गेली. धुपाखालून एक तिखट वास आला. तो तर ती रोज आठ तास घेत होती.

आणि तिला धुळ्यातला शिकाऊपणाचा पहिला महिना आठवला. खळ घातलेल्या पांढऱ्या चादरीवर तिच्या हातून टिंक्चर आयोडीन सांडले होते आणि चादर निळीकाळी झाली होती. मेट्रनने तिला तासभर उभे करून त्याचे कारण पाठ करून घेतले होते.

"महाराज," ती म्हणाली, "हातानं काढलेला एक बटाटा मी घेऊ?"

"घे बेटी. निर्विष आहे."

जाहेदाने बटाटा घेतला, अंगठ्याच्या नखाने त्याची साल सोलली आणि महाराज काही बोलायच्या आत तो कमंडलूत बुडवून काढला. सोललेली जागा गर्द निळी झाली. साल होती तशीच राहिली.

महाराजांचा फेटा कुरकुरला.

"यंत्र जोडणाऱ्याची मुलगी ही! हिच्या स्पर्शानं विष लागलं!"

"बरं. मग माझा स्पर्श नको. तुळशीबाई, तुमची भाकर द्या. महाराजांनीच पाणी टाकावं."

"भाकरीवर यंत्राची सावली पडली आहे," महाराज घाईने म्हणाले.

"सावली?" मागून कोणीतरी बोलले. "सूर्य त तिकडे शे महाराज!"

खसखस पिकली. महिनाभरात महाराजांपुढे पहिल्यांदाच कोणी हसले होते. वाहरूने तेवढ्यात भाकरीचा तुकडा मोडून कमंडलूत बुडवला. पांढऱ्या ज्वारीची भाकर काळीनिळी झाली.

तुळशीबाई भाकरीकडे बघत राहिली. "ही मन्हा हातनी भाकर शे. सकाय मी हीच खादी. मंग मी मरनू कशी नही?"

"शुद्ध देहाला विष शिवत नाही, माई! माझ्या या देहावर हजार विषं ओता, डागसुद्धा पडणार नाही!"

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होते. तुळशीबाई अजूनही भक्तच होती, आणि भक्ताला खात्री करून घ्यायची असते. तिने त्यांच्या हातातून कमंडलू घेतला.

"मंग दखाडा ना महाराज, या पोरीले! गप बशी जाई ती."

आणि तिने सगळा कमंडलू त्यांच्या डोक्यावर रिता केला.

देहाचे काय झाले ते राहू द्या. पण तो पापडासारखा कडक, पांढराशुभ्र, खळ घातलेला फेटा कपाळापासून शेंड्यापर्यंत निळाकाळा होत गेला, आणि त्याखाली महाराजांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"महाराज," जाहेदा म्हणाली, "हा फेटा कोणत्या यंत्रानं काढला?"

मग जे हसू फुटले ते तापीपलीकडे ऐकू गेले असेल. महाराजांनी फेटा फेकला आणि धर्मशाळेची वाट धरली. सुकलालशेठना अचानक नंदुरबारला काम निघाले. गोण्या राहिल्या, दाभणही राहिला.

जाहेदाने लोकांना बसवले.

"कमंडलूत होतं टिंक्चर आयोडीन, पाण्यात मिसळलेलं. मी रोज जखमांना लावते तेच. ते पिठूळ पदार्थाला लागलं की निळंकाळं होतं. बटाट्याच्या आत पीठ आहे, भाकरीत आहे, फेट्याच्या खळीत आहे. बटाट्याच्या सालीत नाही. म्हणून साल शाबूत असली की डाग पडत नाही. महाराजांनी पाणी एकच वापरलं हे खरं. पण ढीग दोन होते. एक निवडून घेतलेला, दुसरा आहे तसा. ते तुम्ही बघितलंत आणि कोणीच विचारलं नाही."

"पण बाई," वाहरू म्हणाला, "यंत्रना बटाटास्ले ओरखडा कसा पडनात?"

जाहेदाने यंत्राकडे बोट दाखवले. हारुन मिस्त्री उठून यंत्राकडे गेले होते. त्यांनी सुंभ कापला, दांडीवर हात ठेवला.

"मी हिला चौथ्या खाचेत ठेवलं होतं. ही दुसरीत कोणी आणली?"

मग गुलाबसिंगबापू खाकरले.

"मीच उचली." त्यांनी आपल्या घोड्यांकडे बघितले. "चौथीवर फाळ खोल जाये. मोतीना तोंडले फेस उना, पाखऱ्या थरथर कापे. यात्रामा पोरगासारखा विकत लिधा मी त्यास्ले. म्हंतं, थोडं वर घेऊ, काय बिघडस?"

"फाळ दोन खाचा वर आला, बापू," मिस्त्री म्हणाले, "म्हणजे चार बोटं वर आला. बटाट्यांखालून जायचा तो बटाट्यांमधून गेला. इख नही, बापू. तुमनी माया शे ही."

बापू जवळ आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दांडी चौथ्या खाचेत ओढली.

"अन् घोडा?"

"दर वरंब्याच्या टोकाला दम द्या. वावराची पुढची पट्टी काढायच्या आठवडाभर आधी हलकं पाणी द्या. जमीन वापशावर, ना ओली ना कोरडी, आली की फाळ लोण्यात जाईल."

एक वरंबा तिथेच काढून बघितला. घोडे जुंपले गेले, चाके फिरली, काट्यांनी माती उधळली. मागे तुळशीबाई टोपली घेऊन वाकली. टोकाला पोचेपर्यंत तिला कापलेले दोनच बटाटे सापडले. कुदळीने याहून जास्त कापले जातात, हे तिला कोणी सांगायला नको होते. आणि कंबर सरळ करताना तिला आणखी एक गोष्ट कळली. यंत्र फक्त उकरत होते. वेचायला माणसेच लागत होती.

"ये हारुन," ती ओरडली, "तुन्हा भूतले सांग, जरा दम खाईसन चाल! मन्हा हात पुरत नहीत!"

दुपारी बापूंच्या ओट्यावर हारुन मिस्त्रींना चहा दिला गेला. गावबंदीचा विषय कोणी काढला नाही; मिस्त्रींनीही काढला नाही. जाहेदाला मात्र तो शब्द इतक्या सहज गिळला गेला याचा राग आला. सकाळी दोनशे तोंडांनी जे बोलले जाते, ते दुपारी एकाही तोंडाला आठवत नाही. गाडीत बसण्यापूर्वी ती बापूंसमोर जाऊन उभी राहिली.

"बापू, आज मला तो वास ओळखीचा होता म्हणून निभावलं. पुढच्या वेळी वास दुसरा असेल. तुम्हाला औषधं माहीत नसतील, चालेल. पण कोणी दोन ढीग समोर मांडले, तर दोन्ही सारखे निवडले आहेत का, एवढं विचारा. आणि दोष दुसऱ्याच्या हाताला देण्याआधी आपल्या हातातली दांडी कितव्या खाचेत आहे ते बघा."

बापूंनी मान हलवली. मग ते ओट्यावरून खाली उतरले, हारुन मिस्त्रींच्या समोर गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हारुनभाई, मी चुकनू."

तो फेटा वाहरूने बुजगावण्याला बांधला. चार दिवसांच्या उन्हात त्यातले आयोडीन उडून निळा रंग नाहीसा झाला आणि फेटा पुन्हा पांढराशुभ्र दिसू लागला. तुळशीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून तो दाखवते आणि विचारते, "काय हो, इख कोठे गये?"