अठरा कोऱ्या ओळी

धरणाच्या ऑफिसात ती एकटीच प्रोग्रामर, त्यामुळे प्रिंटर अडला तरी हाक तिलाच. पाणी सोडण्याआधी खालच्या वस्तीला फोनवर इशारा देणारी यंत्रणा तिने पीएचपीच्या एका फ्रेमवर्कमध्ये एकहाती उभी केली होती. एका टेबलात घरं, दुसऱ्यात फोननंबर. दोन्ही जोडली की यादी तयार. फोन उचलला गेला की घरापुढे 'कळवलं' उमटायचं, आणि यादी शंभर टक्के झाल्याशिवाय दरवाजे उघडायचे नाहीत असा नियमच होता.

ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्या ओळी मात्र कोऱ्या राहायच्या. मग जीपवाला काका तेवढी घरं फिरून तोंडी सांगून यायचा आणि त्या ओळी हाताने भरायचा. मोठ्या साहेबांना या कोऱ्या ओळी डोळ्यांत खुपायच्या. गेल्या आठवड्यात त्यांनी यादी नीटनेटकी करायला सांगितली, आणि तिनेही फारसं डोकं न लावता दोन्ही टेबलं जोडणाऱ्या 'लेफ्ट जॉइन' या आज्ञेतला 'लेफ्ट' खोडून टाकला. पाच मिनिटांचं काम. कोऱ्या ओळी गेल्या, साहेब खूश.

आज पाणी चारला सोडायचं होतं. सव्वातीनलाच यादी शंभर टक्के झाली. जीपवाला काका व्हरांड्यात पाय पसरून बसला होता. आज आपल्याला कुणी विचारेना, अख्ख्या वस्तीने फोन घेतले की काय, असं तो म्हणाला. ती हसली, आणि हसता हसताच स्क्रीनकडे वळली.

मामाकडे कुठे आता फोन आहे? आई गेल्यावर तिला लहानाची मोठी करणारा मामा, वस्तीच्या शेवटच्या टोकाला एकटा राहणारा, दुपारी गाढ झोपणारा. फोनच्या कटकटीला वैतागून त्याने महिन्यापूर्वी तो तिच्या हातात आणून दिला होता, आणि त्याचा नंबर टेबलातून तिनेच काढला होता. तिने यादीत त्याचं घर शोधलं. 'कळवलं नाही' असंही कुठे नव्हतं, घरच नव्हतं. साधा जॉइन जोडीदार नसलेल्याला धरतच नाही, हे पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा सांगेल. आपल्या हुशारीची तिला शिसारी आली. तिने 'लेफ्ट' परत लिहिला. अठरा कोऱ्या ओळी हजर झाल्या.

ती साहेबांच्या खोलीत धावली. "दरवाजे उघडू नका. अठरा घरं राहिलीत."

"शंभर टक्के दिसलं म्हणून मी लवकर उघडायला सांगितलं," साहेब म्हणाले. "दहा मिनिटं झाली."

त्यांनी दरवाजे बंद करायला फोन लावला, पण सुटलेलं पाणी काही मागे फिरणार नव्हतं. वस्तीपर्यंत पोचायला त्याला अर्धा तास लागायचा.

अठरा ओळींचा कागद छापून घेऊन ती काकाच्या जीपमध्ये बसली. रस्ता नदीच्या काठानेच होता. सकाळी घोटाभर असलेली नदी आता गढूळ होऊन जीपच्या बरोबरीने पळत होती. काकाने इतकी वर्षं ही घरं फिरून केली होती. पाणी पोचायच्या आत सगळी होणार नाहीत हे त्याला न सांगता कळत होतं.

"थेट मामाकडे घेऊ का?" त्याने हळूच विचारलं.

तिने हातातला कागद पाहिला. पहिल्या ओळीत एक म्हातारी आणि तिची दोन नातवंडं होती.

"यादीप्रमाणे घे," ती म्हणाली.

मामाची ओळ अठरावी होती.